ऋताची दोरी आणि माझे सोमवार

६ नोव्हेंबर, गुरुवार

कालिंदे, परवा फोनवर तू विचारलंस, “ताई, विश्वेशची मुलगी आता चालायला लागली का गं?” ऋता तेरा वर्षांची आहे. चालते, पळते, आणि आठवड्यातले सहा दिवस दोरीला उलटी लटकते. हे मी तुला आजवर चार वेळा सांगितलंय. पाचव्यांदा तोंड शिणवायला नको म्हणून आजपासून ही वही. तुला विसरायचं ते विसर. वही विसरणार नाही. भरली की इंदूरला धाडून देईन.

मी बोलते, सुमेधा लिहिते. आपल्या घरात शाळेत तू गेलीस आणि चुलीपाशी मी राहिले, तेव्हा अक्षरं तुझ्या वाट्याला आली, चव माझ्या. सून रेल्वेच्या हापिसातून दमून येते, चहा घेते, मग अर्धा तास माझा. तिला बजावलंय, मी सांगेन तेच आणि तसंच लिही, मध्ये तुझं शहाणपण नको. ती म्हणाली, “बरं, आई.” तेही लिहिलंन.

आता बातमी. इथे काशीत राजा घाटाच्या वर एका धर्मशाळेचं अंगण आहे. तिथल्या कडुनिंबाला जाड दोर टांगलाय, त्यावर मुली मल्लखांब करतात. दोर पायाच्या अंगठ्यात धरून सरसर वर जायचं, वर अंगाला वेढे घ्यायचे, हात सोडून आसनं करायची आणि दीड मिनिटात खाली. शिकवणाऱ्या बकुळताई साताऱ्याच्या, नवऱ्याच्या बदलीबरोबर इकडे आल्या. सहा जानेवारीला रामनगरला राज्याच्या संघाची निवड आहे. बकुळताईंना चारच मुली पाठवता येतात. तीन ठरल्या. चौथी आपली ऋता, नाहीतर मुक्ता. नावं द्यायची वीस डिसेंबरला.

ऋता पाच वर्षं यासाठी लटकतेय. राज्याच्या संघाचं निळं जाकीट तिला स्वप्नात दिसतं. म्हणून आज मी गणपतीपुढे बोलून टाकलं, “हिची निवड होऊ दे, तोवर ही सोमवार, संकष्टी, एकादशी सगळं करील.” ऋता मागेच उभी होती. म्हणाली, “आजी, मैंने कब बोला?”

मी म्हटलं, मोठी माणसं नवस बोलतात तेव्हा लहानांनी नुसते हात जोडायचे.

८ नोव्हेंबर, शनिवार

थंडीत पाचालाच अंधारतं, म्हणून ऋताला न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आलंय. मला प्लास्टिकची खुर्ची मिळते.

आज संकष्टी. सकाळी छान साबुदाण्याची खिचडी करून डबा दिला. संध्याकाळी पोरगी अर्ध्यावर चढली आणि हात सुटून खाली गादीवर. लागलं नाही. पण मी बघत होते, त्याच क्षणी मुक्ताची आई दोरीकडे टक लावून होती. घरी आल्यावर मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. मिरच्यांचा ठसका म्हणावा तसा आला नाही, म्हणजे दृष्ट जबर आहे. चंद्र साडेसातनंतर उगवला. पोरगी मोदकांवर अशी तुटून पडली की मला माझ्या मोदकांचा अभिमान वाटला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज भांडले. चांगलं भांडले, मजा आली.

बकुळताईंनी भिंतीवर एक कागद लावलाय. ऋताच्या चुका, अकरा. मला वाचता येत नाही म्हणून त्यांनीच वाचून दाखवल्या. गुडघा वाकतो, पायाची बोटं ताणत नाही, सलामी घाईत देते, पकड सैल, श्वास कोंडते, मान, कोपर, आणखी काय काय, आणि अकरावी, चेहऱ्यावर हसू नाही.

मी म्हटलं, “अकरा चुका ऐकून कोण हसेल?”

“आजी, निवडीला दोन महिने राहिलेत. सगळंच सुधारायला हवं.”

“सगळं एकदम?”

“रोज थोडं थोडं.”

“बकुळताई, आमच्याकडे यात्रेकरू उतरतात. माझ्या सासऱ्यांपासून विश्वेशपर्यंत सगळे उपाध्ये. बारा वाजता निरोप येतो, पन्नास पानं वाढा. तुमच्याकडे आला असा निरोप तर आधी काय कराल?”

“हॉटेलात फोन.”

मुली हसल्या. मीही हसले, बाई बोलते झकास. मग सांगितलं. मी आधी डाळ चढवते, कारण तिला वेळ लागतो. मग भात. भाजी त्यानंतर. कोशिंबीर पानं मांडताना आणि लिंबू कापायचं अगदी शेवटी. अकरा पदार्थ रोज थोडे थोडे शिजवायला घेतले तर यात्रेकरू उपाशी प्रयागला जातील. “तुमच्या अकरांतली डाळ कुठली?”

त्या कागदापुढे उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “पकड. पकड यायला महिना जातो.”

“आणि भात?”

“श्वास.”

“आणि ते हसू?”

“लिंबू,” म्हणाल्या, आणि कागद काढून घडी करून पर्समध्ये टाकला.

आता महिनाभर फक्त पकड आणि श्वास. मला काम मिळालंय, ऋताचा हात एका जागी बसतो की दोनदा चाचपडतो, एवढंच बघायचं. आज चौदा वेळा चाचपडला. मी बोटांच्या पेरांवर मोजलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सहा वेळा! येताना ऋताने उडी मारत सगळी गल्ली पार केली. एका सांडाने वाट दिली. दारात विश्वेशला म्हणाली, “बाबा, आजी मेरी असिस्टंट कोच है.” असिस्टंट म्हणजे दुय्यम, हे सुमेधाने मला नंतर सांगितलं. उद्या विचारीन पोरीला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एकादशी. पंधरा वेळा चाचपडली. काल सहा, आज पंधरा! मुक्ताची आई आली नव्हती, तेव्हा दृष्टीचं कारण रद्द. माझ्या मते नव्या साबणाने हात निसरडे होतात. साबण बदलला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल सोमवारी पोरगी पुन्हा सुटली, वरून तिसरी पकड धरताना. आज मात्र अशी चढली की निंबावरची माकडं हातचं सोडून बघत राहिली. चार वेळा चाचपडली, बस्स. साबण तर कालही नवाच होता.

बकुळताईंनी विचारलं, “आजी, ही घरी नीट जेवते ना?”

हा काय प्रश्न? मी म्हटलं, “आमच्या घरातून उपाशी कोणी उठत नाही.”

खरंच आहे. उपासाच्या दिवशी तर मी दुप्पट देते. शाळेला जाताना डबा भरून खिचडी, वर रताळ्याचे काप. घाटाच्या पायऱ्यांवर बसून खाते म्हणे, शांतपणे. तिथे नाववाल्याची शेळी आहे. थंडी पडली की इथे शेळ्यांनाही स्वेटर घालतात, या शेळीच्या अंगात ऋताचाच जुना लाल स्वेटर आहे. काय गुटगुटीत झालीय! स्वेटरची शिवण उसवली. आणि काल तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन ऋताची वाट बघत उभी. जनावरांनाही वार कळतो म्हणतात तो असा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही, म्हणजे सगळं चांगलं आहे. सकाळी गल्लीच्या तोंडाशी मलइयोवाला आला होता, दवात गार केलेला दुधाचा गोड फेस घेऊन. ऋताने मातीचे दोन कुल्हड फस्त केले आणि संध्याकाळी एकदाही चाचपडली नाही. एकदाही नाही! बकुळताईंनी पर्समधून कागद काढून दोन ओळी खोडल्या. मी विचारलं, कुठल्या? म्हणाल्या, “गुडघा आणि कोपर. त्यांच्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. पकड बसली तशी आपोआप गेली.” डाळ नीट शिजली की आमटीला वेगळं घोटावं लागत नाही, ते हेच.

१ डिसेंबर, सोमवार

सोमवार आणि मोक्षदा एकादशी एकाच दिवशी. एवढं पुण्य एका दिवसात, मला वाटलं आज पोरगी आभाळाला हात लावील. दोनदा पडली. दुसऱ्यांदा उठल्यावर डोळ्यांपुढे तारे दिसले म्हणाली. मुक्ता एकदाही पडली नाही.

म्हणजे नवस कमी पडतोय. या गुरुवारी दत्तजयंती आहे. तेव्हापासून गुरुवारही धरायचा. सुमेधा लिहिता लिहिता थांबली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “काही नाही आई. पेनातली शाई बघत होते.”

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती, उपास. पडली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल गुरुवारी पडली. आज उत्तम. मला काही उमजत नाही. दृष्ट असती तर रोज लागली असती.

१६ डिसेंबर, मंगळवार

सुमेधा, आज तू सगळं लिही. माझी लाज वाचवू नकोस.

काल पुन्हा सोमवार-एकादशी एकत्र. ऋता वरून सुटली आणि पायावर वाकडी आली. घोटा सुजला, हाड शाबूत. बकुळताई बर्फ लावत होत्या. मग मला बाजूला नेलं आणि आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. “आजी, एक दिवस ही पोर राज्यात पहिली येईल अशी चढते. दुसऱ्या दिवशी दोरीवर मन लागत नाही. मी यातली कुठली ऋता रामनगरला पाठवू? वरून पडून हिची मान मोडली तर? शनिवारी नावं द्यायची आहेत. कारण सापडलं नाही तर मी मुक्ताचं देणार. ती ऋताएवढी चांगली नाही, पण रोज सारखी आहे.”

कारण! मला वहीची आठवण झाली. आज सुमेधाला म्हटलं, जिथे जिथे पडली किंवा एकाएकी बिघडली लिहिलंय तेवढं वाच.

तिने वाचलं. आठ नोव्हेंबर, संकष्टी. पंधरा, एकादशी. सतरा, सोमवार. एक डिसेंबर, सोमवार आणि एकादशी. चार, दत्तजयंतीचा उपास. अकरा, गुरुवार. पंधरा, सोमवार आणि एकादशी.

मी बोटांच्या पेरांवर पुन्हा मोजले, सातच्या सात उपासाचे दिवस.

मी म्हटलं, “सुमेधा, तुला कधी कळलं?”

“दत्तजयंतीच्या आधी, आई.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही मला लिहायला सांगितलं होतं. शहाणपण नको म्हणाला होतात.” मग खाली मान घालून म्हणाली, “पण चूक माझीच. सासूला भ्यायचं की मुलीला जपायचं, यात आधी काय ते मला ठरवता आलं नाही. घोटा सुजेपर्यंत थांबले.”

कालिंदे, मी साठ वर्षं लोकांना जेवायला वाढतेय आणि माझी सून मला भिते. हे मला आज कळलं.

ऋताला हाक मारली. “खिचडी खातेस ना गं डबाभर?”

ती पायाकडे बघत राहिली. “आजी, साबूदाना गले में अटकता है. दो चमचे खाते मी.”

“आणि उरलेली?”

“शेळीला.”

विश्वेश एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सुमेधा हसली. मग मी. पोर दिवसभर दोन चमच्यांवर दोरी चढत होती आणि माझ्या नवसाचं पुण्य शेळीच्या अंगी लागत होतं! मला सांगायचं नाहीस का, म्हटलं, तर म्हणते, “तू नवस बोलली होतीस ना. मुझे लगा, सांगितलं तर निवड होणार नाही.”

मला हसू यायचं थांबलं.

१७ डिसेंबर, बुधवार

रात्रीऐवजी पहाटेच गणपतीशी बोलून घेतलं. नवस बोललं माझं तोंड, तेव्हा फेडायचा तोंडाने. उपास मी स्वतः करायचे म्हणावं, तर माझे ते आधीपासूनच आहेत. तेच देवाला दुसऱ्यांदा कसे खपवू? मग मला सगळ्यांत जड काय, याचा विचार केला. उत्तर लगेच मिळालं. गप्प बसणं.

तर ठरलं. नवसाच्या प्रत्येक दिवशी उठल्यापासून ऋता दोरीवरून उतरेपर्यंत माझं मौन. आणि ऋताने चारी ठाव जेवायचं.

घरात सांगितलं. विश्वेश म्हणाला, “आई, बुधवार राहिलाय, तोही घे.”

बकुळताईंनाही सगळं सांगितलं, शेळीसकट. त्या म्हणाल्या, “आजी, चूक माझीही आहे. मी तुम्हाला विचारलं. ऋताला विचारायला हवं होतं.” मग अकरा चुकांचा तोच कागद काढला आणि सगळ्यांच्या वर एक ओळ लिहिली. मी विचारलं काय लिहिलंत?

“जेवण. डाळीच्याही आधी चूल पेटवावी लागते ना?”

बाई माझ्या वरताण निघाली. मला फार आवडली.

२० डिसेंबर, शनिवार

घोट्याची सूज उतरली. कालपासून दोरीवर. बकुळताईंनी नाव दिलं. ऋताचं. म्हणाल्या, “सोमवारी पडली तर मी बदलून घेईन, मला दोन दिवसांची सवड दिलीय.”

२२ डिसेंबर, सोमवार

वरण-भात, तूप, पालकाची भाजी, दोन पोळ्या. नाही पडली. नाही चाचपडली. माझं मौन सुटलं तेव्हा मी सलग एवढं बोलले की मुक्ताच्या आईने मला पाणी आणून दिलं. बाई चांगली आहे. तिच्याबद्दल वर जे लिहिलंय ते खोडायचं होतं. सुमेधा म्हणाली, राहू द्या आई, तुम्ही तेव्हा तसं म्हणाला होतात, हे तर खरं आहे.

५ जानेवारी, सोमवार

मुली तयार आहेत. बकुळताईंनी आज लिंबू कापलं, म्हणजे हसायला शिकवलं. ऋता हसली की दात दुखत असल्यासारखं वाटतं. चालेल.

एकच विचार. उद्या निवड, आणि उद्याच अंगारकी. मंगळवारची संकष्टी, वर्षातून एखाद-दुसरी येते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून एकही मोडलेली नाही. काशीतल्या बायकाही उद्या गणेशचौथ धरणार, मुलांसाठी. माझं मौन आहेच. जेवणाचं ऋताला आज तीनदा बजावलं. ती “हो” म्हणाली, पण डोळ्यांत बघून म्हणाली नाही.

७ जानेवारी, बुधवार

कालचं आज सांगते. काल घसा बसला होता.

धुकं एवढं की होड्या बंद. रिक्षा करून पुलावरून रामनगरला गेलो. मी, सुमेधा, ऋता. मैदानाच्या कडेला गवतावर सतरंजी टाकून बसलो. ऋताचा नंबर अकराला. नऊ वाजता सुमेधाने डबा उघडला. गूळ-तूप-पोळी, केळं, दही.

ऋता हात लावेना.

“खा गं,” सुमेधा म्हणाली.

“आज नाही. आज अंगारकी आहे.”

“आजीने सांगितलंय ना खायला?”

“आजीने सांगितलं, पण आजी स्वतः खातेय का? आजी मानते ना! आणि आज खाल्लं आणि पडले तर? सब बोलेंगे, बाप्पा नाराज हो गए.” कालिंदे, ही भीती तिच्या आईची नव्हे, बापाची नव्हे. ही मी पेरलेली.

बकुळताई धावत आल्या. रागावल्या, समजावलं, हात धरला. पोर नाहीच म्हणाली. साडेनऊ झाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि माझं तोंड बंद. बोलले तर मौन मोडतं, आणि बोलून तरी काय? माझ्याच बोलण्याने ती इथवर आलेली.

मी डबा पुढे ओढला. पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, आणि ऋताच्या डोळ्यांत बघत स्वतःच्या तोंडात घातला.

सुमेधाने “आई!” केलं. ती चांगली मोठ्याने ओरडली, शेजारच्या सतरंजीवरच्या बाया वळल्या. मी चावला. सावकाश. गिळला. लग्नापासूनच्या अंगारक्या एका घासात. खरं सांगू? फार गोड लागला.

मग दुसरा तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं. काही कोसळलं नाही. मग खाल्ला. मग उरलेली पोळी, मग केळं, मग दह्याचं भांडं बोटाने पुसलं. बकुळताई तोंड फिरवून उभ्या होत्या. नाक लाल झालं होतं त्यांचं, धुक्याने म्हणाल्या.

अकराला सलामी. घाई नाही. दोर अंगठ्यात धरला आणि गेली वर. मी फक्त हात बघत होते. एका जागी बसला. दुसऱ्या जागी बसला. मधल्या आसनात दोन्ही हात सोडून आडवी झाली, गंगेवर होडी असावी तशी, आणि मला तिचं पोट वर-खाली होताना दिसलं. श्वास घेत होती. एकदाही चाचपडली नाही. आणि खाली येताना, अगदी शेवटच्या वेढ्याला, हसली. शिकवलेलं हसू नव्हतं ते.

पाय जमिनीला लागले आणि माझं मौन सुटलं. मी काय ओरडले ते सुमेधा लिहायला तयार नाही. गल्लीतल्या बनारसी बोलीत होतं, एवढंच लिहायचं म्हणते.

दुपारी नावं वाचली. सहांत चौथी, ऋता. निळं जाकीट तिला दोन मापं मोठं आहे. काल रात्री तेच घालून झोपली.

मी गणपतीला म्हटलं, एक घास झाला खरा, त्याचा हिशेब माझ्याशी कर, पोरीशी नको. त्याने अजून काही म्हटलेलं नाही. चंद्र उगवल्यावर मोदक केले, तेवढे त्याने घेतले.

आणि ऐक, राष्ट्रीय स्पर्धेआधी पंधरा दिवसांचं शिबिर आहे. सहाही मुलींच्या जेवणाचं कोण बघणार, असं संघवाल्यांनी बकुळताईंना विचारलं तेव्हा त्यांनी माझं नाव सांगितलं. ऋता म्हणते, आता मी असिस्टंट नाही.

तेव्हा विसरायच्या आत उठ आणि कामाला लाग. तुझ्या हातचे डिंकाचे लाडू पाठव. एकशे वीस. डिंक तुपात नीट फुलव, खारीक भरपूर, खोबरं भाजून, जायफळ बेताचं. वीस तारखेच्या आत पोचले पाहिजेत. विश्वेशचा मित्र अनिमेष अठराला इंदूरहून गाडीत बसतोय, त्याच्याकडे दे. त्याच्या खाण्याचे चार वेगळ्या पुडीत बांध, म्हणजे तो डबा उघडणार नाही.